पूर्वेकडे वाढत गेलेला नकाशा

नेरमधले मोटार वायडिंगचे कारागीर इमरान यांच्या आई यंदा कापसाची पहिली वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात वारल्या. वय झालं होतं, दमाही होता. दफन दुपारच्या नमाजनंतर झालं. थोरला मुलगा इमरान हजर होता. धाकटा, जावेद, नव्हता. तो कुठे आहे हे त्या दिवशी गावात कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या वेचणीत तो घरातून गेला, त्यानंतर परतलेला नाही.

कब्रस्तानातून परतताना रस्त्याच्या कडेने कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. या दिवसांत गाडी भरताना कापूस दाबून दाबून भरतात, वरून जुनी लुगडी बांधतात, तरी तो बाहेर येतोच. बाभळीच्या काट्यांना अडकतो, विजेच्या तारांवर बसतो, गटारात भिजून काळा होतो. दुपारचं ऊन अजून चटका देत असतं आणि सावलीत गेलं की अंगावर काटा येतो. शेतात बायका कमरेला ओटी बांधून वेचत असतात. ओटी भरत जाते तशी वाकलेल्या बाईची चालही जड होत जाते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागतात. संध्याकाळी नळावर हात धुताना त्या बायका बोटं चोखतात.

हा हंगाम दर वर्षी येतो. त्यातला एक इतरांपासून वेगळा काढता येतो, तो दोन वर्षांपूर्वीचा. त्या वेचणीत, दिवाळीनंतरपासून हरभरा सोंगायला येईपर्यंत, दर रविवारी दुपारी इमरानच्या दुकानामागच्या खोलीत चार माणसं एक खेळ खेळत होती. इमरान, बसचे कंडक्टर धनराज, प्रज्ञा आणि चौथा मी, तालुक्याच्या बातम्या पाठवणारा.

खोलीला वार्निशचा वास होता. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वर वार्निश ओतून भट्टीत सुकवायचं, हे इमरानचं काम. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की मोटारी जळतात. वीज कमी दाबाने येते आणि शेतकऱ्याला रात्रपाळीतच ओलीत उरकायचं असतं. त्यामुळे थंडीत दुकानासमोर मोटारी ओळीने पडलेल्या असत. रविवारी दुपारी इमरान शटर अर्धं खाली ओढायचा. खाली वाकून कुणी गिऱ्हाईक आलंच तर तो आतून ओरडायचा, "उद्या या भाऊ, मशिनीले ताप आला."

खेळ आणला होता प्रज्ञाने. ती पुण्यात कंपनीत काम करायची. वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून त्या हंगामात घरूनच काम करायला ती नेरला आली होती. पुण्यात खोलीवरच्या मैत्रिणींबरोबर ती हा खेळ शिकली. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येकाने एक माणूस मनाने उभा करायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. एक जण सूत्रधार होतो. वाटेतला चोर, गावचा पाटील, पाऊस, भुंकणारं कुत्रं, हे सगळं सूत्रधाराच्या तोंडून येतं. पेच पडला की पासा टाकतात आणि पासा सांगेल ते मान्य करतात. तिच्याकडचा पासा वीस बाजूंचा, गोलसर, हिरवा होता. धनराज त्याला बोर म्हणायचे. "फेका ते बोर, पाहू दे मरतो का जगतो."

पुण्यात जग तयार मिळायचं. जाड पुस्तक असायचं, त्यात राजे, डोंगर, देव, सगळं छापलेलं. नेरला तिने ते आणलं नव्हतं. पहिल्या रविवारी तिने स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला एक कोरा चार्टपेपर पत्र्याच्या टेबलावर पसरला, मधोमध एक नदी काढली, नदीच्या काठी एक टिंब दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"गाव कोणतं हे? राजा कोण हाये इथचा?" धनराजनी विचारलं.

"मले काय माहीत?" प्रज्ञा म्हणाली. "आधी सांगा, तुमच्या माणसाले काय पायजे?"

"म्हंजे?"

"म्हंजे तो सकाळी उठून घराबाहेर कायले पडते?"

"ड्युटीवर नाई गेला तं साहेब मेमो देते."

"ते तुमचं झालं, धनराजभाऊ. तुमच्या माणसाचं सांगा."

धनराज बंजारा. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग लिहा. माह्या माणसाले समुद्रावरून मीठ आणाचं हाये. अन् वाटेत एकालेबी जकात द्याची नाई."

प्रज्ञाने चार्टच्या खालच्या कोपऱ्यात समुद्र काढला. समुद्र आणि नदीच्या मधे एक फाटक काढलं, फाटकावर एक ढेरपोट्या नाकेदार. जकात द्यायची नाही असं कुणी म्हटलं नसतं तर तो नाकेदार त्या जगात जन्मालाच आला नसता. माझ्या माणसाला नदीचा उगम पाहायचा होता, म्हणून वरच्या अंगाला डोंगर आले. बाकी कागद कोरा. कुणाला नको असलेलं काहीच त्या जगात नव्हतं.

बातमीत आधी स्थळ येतं, मग काळ, मग घटना आणि माणूस सगळ्यात शेवटी. माणसाला काय हवं होतं ही ओळ जागा उरली तर जाते. या खेळात उलटं होतं. आधी हवं असणं, मग त्याच्यापुरता रस्ता, रस्त्यापुरती गावं. विचार केला तर या जिल्ह्याचा नकाशाही असाच झालेला आहे. यवतमाळकडे येणारे अरुंद रूळ कुणाला तरी कापूस हवा होता म्हणून टाकले गेले. नको झाला तेव्हा त्या रुळांत गवत उगवलं.

इमरानची पाळी शेवटी आली. तो मांडीवर तांब्याची तार घेऊन बसला होता. खेळतानाही त्याचे हात रिकामे नसत.

"माहा माणूस लोहार," तो म्हणाला. "त्याले त्याचा भाऊ पायजे."

जावेदची बातमी त्याच्या आदल्या वर्षी मीच पाठवली होती. ती पान पाचवर तीन ओळींत आली. नेरच्या एका गिऱ्हाइकाचं शेत मारेगावजवळ होतं. दुरुस्त केलेली मोटार जावेद तिथे पोचवायला गेला. मोटार मिळाल्याचं शेतकऱ्याने पोलिसांना सांगितलं. तिथून पुढे काय झालं ते कळलं नाही. मोबाईल बंद. घरात भांडण झालं नव्हतं, असं इमरानच्या जबाबात आहे.

प्रज्ञाने पेन्सिल उचलली. "कुठी गेला तो?"

"उगवतीकडे गेला."

तिने नदीच्या उजव्या बाजूला एक गाव काढलं.

सूत्रधाराचा नियम तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. खेळणाऱ्याला जे हवं ते नकाशावर कुठे तरी असलंच पाहिजे. सोपं नसेल, पण असेल. मीठ होतं. उगम होता. भाऊही असायला हवा होता. मात्र तो नेमका कुठे आहे हे सूत्रधाराला ठरवायचं होतं, आणि ते तिला ठरवता येईना. भेटवला तर समोर बसलेल्या माणसाची थट्टा होते. मेला म्हटलं तर तोंडून अपशकुन. म्हणून दर रविवारी लोहार नव्या गावात पोचला की तिथली एखादी म्हातारी, एखादा पाणक्या, एखादा धर्मशाळेचा रखवालदार प्रज्ञाच्या तोंडून सांगायचा, होता बाप्पा, परवा परवापर्यंत इथंच होता, पुढे गेला.

मग पुढचं गाव. मग त्याच्या पुढचं. संक्रांतीपर्यंत उजवीकडे दुसरा चार्टपेपर चिकटवावा लागला. धनराजच्या मिठाच्या बैलांना आणि माझ्या उगमाला फारशी जागा लागली नाही. ते जग उगवतीकडेच लांबत गेलं. त्यात रंगाऱ्यांचं गाव होतं, जिथली नदी रोज वेगळ्या रंगाची वाहायची. एक गाव फक्त विधवांचं होतं. एका गावात कुणी नाव विचारत नसे. हे सगळं एका माणसाच्या शोधातून आलं, आणि आम्ही तिघांनीही त्यात भर घातली. लोहार थकला की कुणी तरी एखादी खूण पुढे करायचं.

भाऊ कसा होता हे प्रज्ञा विचारायची, कारण त्याशिवाय गावातल्या लोकांना त्याला ओळखता येणार नव्हतं. इमरान एकेक सांगायचा. चालताना उजवा खांदा खाली पडते. कच्ची बोरं खाते, पिकलेली फेकून देते. कामात लक्ष असलं का जीभ बाहेर. हे सांगताना तो हसायचा, आणि टेबलावर उकडलेल्या तुरीच्या शेंगा असत त्या सोलून सगळ्यांपुढे ठेवायचा. एका रविवारी लोहार विहिरीवर बसलेला असताना पाणक्याने त्याला विचारलं, भाऊ घरातून गेला काहून? इमरान म्हणाला, "म्या त्याच्या हातची मोटार लोकाइच्या समोर फेकली. म्हटलं, तुह्याच्यानं काईच होत नाई." लोहाराच्या गावात मोटारी नव्हत्या. हे कुणी लक्षात आणून दिलं नाही. ते वाक्य लोहाराचं की इमरानचं, याची खातरजमाही कुणी केली नाही.

त्या दिवसांत इमरानची आई दुपारी एकदा आतल्या दारात येऊन उभी राहायची. भिंतीला हात टेकून, श्वास सावरत, ती कागदाकडे पाहायची. एकदा तिने विचारलं, "ये क्या बनाते तुम लोगां?" धनराज म्हणाले, "गाव बांधून राह्यलो अम्मी." ती म्हणाली, "बांधो बांधो. उसमें कोई रहता भी क्या?" आणि हसत आत गेली.

चूक झाली ती माघात. त्या रविवारी प्रज्ञाला बरं नव्हतं, घसा बसला होता. "धनराजभाऊ, हे गाव तुमी चालवा," ती म्हणाली. असं आमच्यात चालायचं. एखादं गाव ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. धनराजना बोलायला आवडायचं. त्यांनी सरकी वेगळी करणाऱ्यांचं गाव उभं केलं. आपल्याकडच्या जिनिंगसारखंच, फक्त मशीन बैलांवर चालणारं. धुरळा, कापसाचे डोंगर, त्या डोंगरांवर झोपणारे मजूर. मग त्यांनी रखवालदाराचा आवाज काढला. "एक पोट्टा हाये बा आमच्यापाशी. गठानीवर झोपते. नाव नाई सांगत. त्याचा खांदा असा पडते." त्यांनी आपला खांदा पाडून दाखवला.

लोहार त्या ढिगांपर्यंत पोचला तेव्हा पोरगा तिथून गेलेला होता. खेळ नेहमीसारखा थांबला. शेंगांची टरफलं कागदात गुंडाळून आम्ही उठलो.

धनराजची ड्युटी तेव्हा यवतमाळहून मारेगावमार्गे वणीला जाणाऱ्या गाडीवर होती. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. तिचा त्या दुपारशी संबंध फक्त इमरानने लावला.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद होतं. मोटारी ओळीने पडून होत्या, गिऱ्हाईकं शटर वाजवून जात होती. इमरान मारेगावला गेला होता. तिथून वणीपर्यंत रस्त्याला लागतील तितक्या जिनिंगमध्ये तो गेला. हंगाम भरात होता. मशिनी चालू असताना आत माणूस माणसाला ऐकू येत नाही. सरकीचा तेलकट वास घशात बसतो, कापसाची पूड भुवयांवर, पापण्यांवर. तो फाटकावरच्या रखवालदारांना विचारत गेला, कापसाच्या गठाणींवर झोपणारा पोरगा आहे का, नाव न सांगणारा, खांदा पडणारा. एका ठिकाणी त्याला चोर समजून बसवून ठेवलं. एका ठिकाणी खरंच एका परप्रांतीय मुलाला त्याच्यापुढे आणून उभं केलं. आठवडा संपताना तो परत आला. केसांत तेव्हाही कापूस होता.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याने विचारलं.

"धनराजभाऊ, एक गोष्ट इचारू? खरं सांगजा."

"इचार ना."

"तुमी पाह्यलं ना त्याले?"

"कोणाले?"

"जावेदले. तुमच्या गाडीत बसला असन. नाई तं जिनिंगपाशी दिसला असन. तोंडावर सांगता नाई आलं म्हणून तुमी इथं सांगतलं. त्यानं शप्पथ घातली असन तं घातली असन. मी नाव नाई घेत तुमचं. फक्त कोणत्या जिनिंगमधे ते सांगा."

धनराजना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. रोज शंभर माणसांशी भांडणारा तो माणूस खुर्चीत पुढे सरकला आणि त्याने इमरानचा तार धरलेला हात धरला.

"याडीची शप्पथ, इमरान." गोरबोलीत याडी म्हणजे आई. "मी नाई पाह्यला. मी तं तोंडाले आलं ते बोललो रे. खांद्याचं तूच सांगतलं होतं."

"मीच सांगतलं होतं," इमरान म्हणाला.

"मी मारेगावच्या ष्टँडवर गाडी थांबली का रोज पाह्यतो. रोज. कोणाले बोललो नाई. दिसला असता तं गाडी सोडून त्याले कॉलर धरून आणला असता बे."

प्रज्ञा उठली आणि कागद गुंडाळायला लागली. तिचा घसा अजून बसलेलाच होता. "पुरे," ती म्हणाली. "चूक माही हाये. मी दर खेपेले पुढचं गाव काढत गेली. एखाद्यावेळी थांबाले पायजे होतं."

"नका गुंडाळू ताई," इमरान म्हणाला. त्याने कागदाचं टोक धरून तो परत पसरला. "खेळ राहू द्या. पण माह्या माणसाले आता दुसरं पायजे."

"काय पायजे?"

"त्याले घरी जाचंय."

नियम नियमच होता. जे हवं ते नकाशावर असलं पाहिजे. आम्ही चौघांनी कागदाकडे पाहिलं. उगवतीकडे दुसऱ्या चार्टच्या टोकापर्यंत गावं होती, घाट होते, पूल होते. मावळतीला, नदीच्या त्या टिंबाच्या अलीकडे, काहीच नव्हतं. लोहार निघाला कुठून, हे संपूर्ण हंगामात कुणी विचारलं नव्हतं. घर कुणाला हवं नव्हतं, म्हणून ते काढलं गेलं नव्हतं.

"कसं हाये घर?" प्रज्ञाने विचारलं.

इमरानने तार खाली ठेवली. त्या खोलीत त्याचे हात रिकामे पाहण्याची ती पहिली वेळ. त्याने पेन्सिल घेतली आणि स्वतः काढायला लागला. पत्र्याचं छप्पर, पुढे शटर, मागे खोली, खोलीमागे न्हाणी, कडेला सीताफळाचं झाड. लोहाराच्या काळात शटर नसतात हे याही वेळी कुणी बोललं नाही. मग लोहार परत निघाला. नाव न विचारणारं गाव, विधवांचं गाव, रंगाऱ्यांची नदी, सगळं मागे टाकत. वाटेत प्रज्ञाने त्याला अडवलं नाही, पासा टाकायला लावला नाही. बाहेर कुणी तरी शटर वाजवून गेलं.

"पोचला," ती म्हणाली. "दारात आई हाये."

"बोलू द्या तिले."

सगळ्यांच्या तोंडून बोलणारी प्रज्ञा अडली. मग हळू म्हणाली, "आई म्हणते, आला का बाबू? हातपाय धू, जेवून घे."

इमरानने मान हलवली. "असं नाई म्हणत ती."

"मग?"

"ती म्हणते, एकटाच कसा आला?"

पासा टेबलावर होता, तो कुणी उचलला नाही. आतल्या घरातून खोकल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने इमरान उठला आणि त्याने शटर पूर्ण वर केलं. खोलीत एकदम ऊन आलं. बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो म्हणाला, "बोला भाऊ, केव्हा जळली?"

खेळ संपला असं कुणी जाहीर केलं नाही. पुढच्या रविवारी धनराजची ड्युटी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी प्रज्ञाच्या वडिलांना तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं. हरभरा सोंगून झाला. फाल्गुनात शेताच्या बांधांवर पळस पेटले, पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचल्या गेल्या, उन्हाळा लागला आणि प्रज्ञा पुण्याला परत गेली. खेळातले रस्ते जिथे होते तिथे थांबले. मिठाचे बैल फाटकापाशी उभे राहिले, जकात न देता.

एखाद्याला हवं असलेलं मिळत नाही तेव्हा त्याच्याभोवतीची माणसं काय करतात, हे त्या हंगामात जवळून पाहायला मिळालं. ती आणखी एक गाव काढतात. यात लबाडी नसते. प्रज्ञाला दया आली होती, धनराजना आली होती. समोरच्याच्या डोळ्यांतला उजेड आणखी एक रविवार टिकावा एवढंच त्यांना वाटत होतं. पोलीस ठाण्यातही इमरानला असंच सांगितलं जायचं, तपास सुरू आहे, वर्ध्याकडे एक टीम गेली आहे. मारेगावच्या शेतकऱ्याने त्याला सांगितलं होतं, चांगला पोट्टा होता, येईल. आईला इमरान सांगायचा, पुढच्या जुम्म्याला कळेल. दम लागलेली ती बाई पुढच्या जुम्म्यापर्यंत श्वास घ्यायची.

यंदा, शेवटच्या आठवड्यात आई बोलत नव्हती असं घरच्यांनी सांगितलं. मयतीच्या दिवशी धनराज ड्युटी बदलून आले होते. प्रज्ञाने पुण्याहून फोन केला. ती इमरानशी बोलली, पण काय ते त्याने सांगितलं नाही.

दफनानंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास, सकाळी, इमरान दुकानात एका मोटारीतली जळकी तार ओढून काढत असताना त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. धनराज तेव्हा दुकानात चहा घेत बसले होते. पुढचं त्यांनी आणि इमरानने, दोघांनीही, सारखंच सांगितलं आहे.

फोन जावेदचा होता. तो म्हणाला, मी ठीक आहे. कुठे आहेस, हे इमरानने विचारलं. ते न सांगता जावेदने विचारलं, "अम्मी कैसी है?"

इमरान म्हणाला, "ठीक है. तेरी राह देख री. तू आ जा."

फोन बंद झाला. इमरानने त्याच नंबरवर परत लावला. तेलंगणातल्या एका हायवेवरच्या धाब्याच्या मालकाने उचलला. त्याने सांगितलं की फोन मागून घेणारा मुलगा बोलणं झाल्यावर थोडा वेळ बाकावर बसला होता, मग एका ट्रकमध्ये चढून गेला. ट्रक कोणत्या दिशेला गेला, हे मालकाने पाहिलं नव्हतं.